हॉटेल की आर्ट गॅलरी?

प्रश्न : जुन्या हॉटेलात मॉडर्न आर्ट भरलं की त्या वास्तूचं जुनेपण मरतं असं मला वाटतं, तुमचं काय मत?

उत्तर : नेहमीच नाही हो. स्कॉटलंडमधल्या ब्रेमार गावचं 'फाइफ आर्म्स' बघा, १९व्या शतकातलं हॉटेल, हाउझर अँड वर्थ गॅलरीवाल्या वर्थ दांपत्याने घेऊन नव्याने उभं केलं. तिथे ड्रॉइंगरूमचं अख्खं छत झांग एनली या चिनी चित्रकाराने रंगवलंय, दगड कापल्यावर आत दिसतात तशा रंगांच्या वळ्या, आणि अंगणात शिल्पकार लुईज बुर्जुआने घडवलेला आठ पायांचा भलाथोरला कोळी! शिवाय व्हिक्टोरिया राणीने स्वतः काढलेलं हरणाच्या डोक्याचं चित्रही तिथेच आहे, म्हणजे जुनं कुठे गेलं? वास्तू मरते ती टाळं लागलं की.