पॅरामीटर आणि आर्ग्युमेंट यांत फरक काय? तोंडी परीक्षेत ‘दोन्ही एकच’ म्हणालो आणि मार्क गेले

उत्तर चुकलं हे खरं, पण फार मनावर घेऊ नका. रोजच्या बोलण्यात सगळेच हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरतात. ऑफिसात कुणी ‘याला तीन पॅरामीटर पास कर’ म्हणालं तर मी त्याला थांबवून व्याकरण शिकवत नाही.

प्रोग्रॅममध्ये फंक्शन, म्हणजे एक काम करणारा, नाव दिलेला कोडचा तुकडा, लिहिताना कंसात जी नावं देता ती पॅरामीटर. तेच फंक्शन कॉल करताना, म्हणजे वापरायला बोलावताना, कंसात जे घालता ते आर्ग्युमेंट. शाळेतलं सरळव्याज आठवा: मुद्दल गुणिले दर गुणिले मुदत, भागिले 100. समजा तुम्ही सरळव्याज(मुद्दल, दर, वर्षे) असं फंक्शन लिहिलंत. ही तीन नावं पॅरामीटर, त्यांत अजून काहीच भरलेलं नाही. मग सरळव्याज(10000, 8, 3) असा कॉल केलात. हे तीन आकडे आर्ग्युमेंट, उत्तर 2400. आर्ग्युमेंट म्हणून 5000 + 5000 लिहिलंत किंवा ‘शिल्लक’ नावाचं व्हेरिएबल दिलंत तरी चालतं.

आता यानं फरक काय पडतो? मी एकदा घाईत दर आणि वर्षे उलटे दिले: सरळव्याज(10000, 3, 8). उत्तर पुन्हा 2400! गुणाकाराला क्रमाचं सोयरसुतक नसतं, त्यामुळे माझी चूक मलाच दिसली नाही. पुढे तेच आकडे त्याच क्रमानं चक्रवाढ व्याजाच्या फंक्शनला दिले, तेव्हा 2597.12 यायच्या ऐवजी 2667.70 आले. सत्तर रुपयांच्या फरकासाठी अख्खी दुपार गेली. फंक्शनमधली नावं बरोबर होती, सूत्र बरोबर होतं. म्हणजे पॅरामीटर ठीक, आर्ग्युमेंट चुकलेली. हे दोन शब्द डोक्यात वेगळे असते तर मी सूत्र तपासत बसलो नसतो, थेट कॉलची ओळ उघडली असती.

तेव्हापासून पायथनमध्ये मी सरळव्याज(मुद्दल=10000, दर=8, वर्षे=3) असंच लिहितो. बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडे पॅरामीटर, उजवीकडे आर्ग्युमेंट. तुमच्या प्रश्नाचं याहून छोटं उत्तर मला माहीत नाही.

दोघांची संख्याही नेहमी सारखी नसते. जावास्क्रिप्टमध्ये तीन पॅरामीटर असलेल्या फंक्शनला दोनच आर्ग्युमेंट दिलीत तर ते तक्रार करत नाही, तिसऱ्यात गुपचूप ‘अनडिफाइन्ड’, म्हणजे ‘किंमत दिलेली नाही’, बसतं. पायथन मात्र लगेच भांडतं, आणि कधी कधी त्याचं भांडण नवशिक्याला कळत नाही: ‘मी एकच दिलं होतं, हा दोन दिली म्हणतो!’ क्लासमधल्या मेथडला (क्लास म्हणजे ऑब्जेक्ट बनवायचा साचा, मेथड म्हणजे त्यातलं फंक्शन) ‘सेल्फ’ हा पॅरामीटर लिहायचा राहिला की असं होतं. ऑब्जेक्ट स्वतःच पहिलं आर्ग्युमेंट म्हणून आत जातो, तुमच्या कंसात तो दिसत नाही एवढंच.

सी शिकत असाल तर आणखी एक. दोन आकड्यांची अदलाबदल करणारं फंक्शन लिहून पाहा, साधे इंट, म्हणजे पूर्णांक, पॅरामीटर घेऊन. आत अदलाबदल होते, बाहेर मूळ व्हेरिएबल जसेच्या तसे राहतात. पॅरामीटरला आर्ग्युमेंटची फक्त प्रत मिळते. मूळ बदलायचं असेल तर पत्ता, म्हणजे पॉइंटर, पाठवावा लागतो.

आणि पुढच्या वेळी परीक्षकांनी ‘फॉर्मल आणि ॲक्च्युअल पॅरामीटर’ विचारलं तर गडबडू नका. अल्गोल 60 या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेतली ही नावं आपल्याकडच्या अभ्यासक्रमांत अजून टिकून आहेत. फॉर्मल म्हणजे पॅरामीटर, ॲक्च्युअल म्हणजे आर्ग्युमेंट. फोरट्रान ही आणखी एक जुनी भाषा, तिचे लोक तर पॅरामीटरला ‘डमी आर्ग्युमेंट’ म्हणतात, त्यामुळे गोंधळ करणारे तुम्ही पहिले नाही.