केनियातल्या मसाई मारात चित्ता जवळून टिपायला 600 मिमीची लेन्स हवीच का? आणि ड्रायव्हरला काय सांगून ठेवावं?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. ऑगस्टमध्ये सहा दिवस मारात आहात, तर 100-400 मिमीची झूम लेन्स पुरेल की 600 भाड्याने घ्यावी. आणि चित्ता शिकार करताना अगदी जवळून मिळावा म्हणून ड्रायव्हरला आधीच काही 'वेगळं' सांगून ठेवावं का. पहिल्याचं उत्तर लगेच देतो. 100-400 पुरते. भाड्याचे पैसे वाचवा आणि एक मुक्काम वाढवा. दुसऱ्या प्रश्नातल्या त्या 'वेगळं' या शब्दामुळे मी लिहायला बसलोय.

ऑगस्ट 2019. आम्ही दोन कुटुंबं होतो, माझं आणि माझ्या साडूंचं. साडूंनी मोठी 600 ची लेन्स भाड्याने आणली होती, माझ्याकडे 100-400. तिसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातच्या सुमारास तालेक नदीच्या बाजूला आमच्या ड्रायव्हरने गाडी थांबवली, इंजिन बंद केलं आणि हळूच म्हणाला, "दुमा." स्वाहिलीत चित्त्याला दुमा म्हणतात. वारुळावर एक मादी बसली होती. मागच्या गवतात दोन पिल्लं होती, लहान पिल्लांच्या पाठीवर असते ती लांब केसांची राखाडी झूल अजून गळलेली नव्हती, म्हणजे फार तर तीनेक महिन्यांची. समोर दीडशे मीटरवर थॉमसन गॅझेलचा छोटा कळप चरत होता. तिकडचे ड्रायव्हर त्यांना 'टॉमी' म्हणतात.

मादी वारुळावरून उतरली. मान जमिनीला समांतर, खांद्यांची हाडं आळीपाळीने वर-खाली होतायत, आणि एखाद्या टॉमीने मान वर केली की ती पुढचा पाय हवेत तसाच धरून थांबायची. आमची गाडी दुसरी होती. वीस मिनिटांत आठ झाल्या. वायरलेसवर एकाने सांगितलं की सगळे येतात. नियम एका प्राण्यापाशी पाच गाड्यांचा आणि 25 मीटर अंतराचा आहे, पण त्या सकाळी तिथे रेंजर नव्हता.

साडूंना ती धावत सरळ अंगावर येतानाची फ्रेम हवी होती. त्यासाठी रस्ता सोडून गवतात उतरायचं आणि कळपाच्या बाजूला जाऊन उभं राहायचं. ड्रायव्हर "नो सर" म्हणाला. पुन्हा "नो सर" म्हणाला. मग साडूंनी पन्नास डॉलरची नोट डॅशबोर्डवर ठेवली. त्या पोराने आधी नोटेकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. मी व्ह्यूफाइंडरला डोळा लावला.

गाडी गवतात उतरली. इंजिनच्या आवाजाबरोबर सगळ्या टॉमींच्या माना वर आल्या, आणि वर आलेल्या माना आमच्यावरून फिरून तिच्यावर गेल्या. चित्ता एकदा दिसला की शिकार संपली, तिला ते आपल्यापेक्षा चांगलं कळतं. ती सरळ उभी राहिली, मग खाली बसली आणि आमच्याकडे बघत राहिली. साडूंच्या कॅमेऱ्याचा शटर थांबेना. थोड्या वेळाने ती उठून पिल्लांकडे गेली. दोन्ही पिल्लं धावत आली आणि तिचं तोंड हुंगायला लागली. एकाने ओठांजवळ चाटूनही पाहिलं. तिथे काही नव्हतं.

तो फोटो आज साडूंच्या हॉलमध्ये तीन फुटी फ्रेममध्ये आहे. गेली सहा वर्षं प्रत्येक बारशाला, प्रत्येक लग्नात ते मला ऐकवतात, "पाव्हणं, आपण नसतो गेलो तर दुसरी गाडी गेली असती. आणि चित्त्याच्या निम्म्या शिकारी अशाही फसतात." माणसांत मी गप्प बसतो. आज त्याचं उत्तर इथे देतो, कारण तुमच्या मनातही हाच हिशोब चालला असेल.

निम्म्या फसतात हे खरं आहे. म्हणूनच फसवलेली एकेक जास्त महाग पडते. सिंह आणि तरस मुख्यत्वे रात्री हिंडतात. त्यांच्यापुढे चित्त्याचं काही चालत नाही, म्हणून तो दिवसा शिकार करतो. म्हणजे बरोबर आपण नाश्त्याचे डबे घेऊन फिरतो त्या वेळेला. काहीशे मीटरची धाव घेतली की तो इतका दमतो की मारलेलं जनावर पुढ्यात असूनही बराच वेळ नुसता धापा टाकत बसतो. त्याच्याभोवती गाड्यांचं कडं झालं की लांबच्या तरसालाही कळतं, इथे काहीतरी आहे. फेमके ब्रुखुइस या संशोधिकेने मारातल्या चित्त्यांचा अभ्यास 2018 मध्ये छापला. गाड्यांची गर्दी जास्त तिथे माद्यांची एका वेतामागे सरासरी 0.21 पिल्लं स्वतंत्र होईपर्यंत जगली. गर्दी कमी तिथे 2.32. मी हे आकडे परत आल्यावर वाचले आणि ती दोन पिल्लं डोळ्यांसमोरून हलेनात. 'दुसरी गाडी गेली असती' हे प्रत्येक गाडीत कोणीतरी म्हणतंच, आणि म्हणूनच तिथे आठ गाड्या जमतात.

मी कोल्हापूरचा. आमच्या संस्थानात काळविटाच्या शिकारीसाठी चित्ते पाळलेले असत. इथले संपत आले तसे ते आफ्रिकेतून आणले जात. चित्तेवान त्यांच्या डोळ्यांवर टोपी चढवून बैलगाडीतून माळावर नेत आणि काळवीट टप्प्यात आला की टोपी काढत. 1952 मध्ये सरकारने भारतातून चित्ता नामशेष झाल्याचं जाहीर केलं. 2022 मध्ये नामिबियाहून आठ चित्ते कुनोत आणले तेव्हा साडूंनीच सगळ्यांना पेढे वाटले होते. त्यांना चित्ता आवडत नाही असं मी कधीच म्हणणार नाही. आवडतो म्हणूनच मला त्यांचं वाईट वाटतं.

आता कामाचं. मारा विषुववृत्तापासून दीड अंशावर आहे, सूर्य साडेसहाच्या आसपास सरळ वर चढतो. कोवळं ऊन तास-सव्वा तासच मिळतं, म्हणून फाटक उघडताना तिथे हजर राहा. दहानंतर जमीन तापली की हवा थरथरते, आणि लांबच्या प्राण्याचा फोटो 600 नेही मऊच येतो. भाड्याच्या लेन्सवर पैसे घालू नका म्हणतो ते यासाठीसुद्धा. लेन्स टेकवायची बीनबॅग रिकामी न्या, नैरोबीत राजमा किंवा तांदूळ घेऊन भरा, छताच्या कडेवर ठेवा. ट्रायपॉड घरी ठेवा. धावणाऱ्या प्राण्याला शटर 1/2000 सेकंदापेक्षा हळू ठेवू नका. गाडीत लेन्स बदलू नका, धूळ सेन्सरवर बसते; जमलं तर कॅमेऱ्याची दुसरी बॉडी न्या. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोट्या विमानाने जाणार असाल तर हातातल्या कॅमेऱ्याच्या पिशवीसकट एकूण सामान 15 किलो आणि मऊ बॅग, हे लक्षात ठेवा. तिथे 600 ची लेन्स पुन्हा आडवी येते. पिवळ्या तापाची लस निघण्याच्या दहा दिवस आधी घ्या, नाहीतर परत येताना भारतात अडकाल.

आणि सहापैकी किमान दोन रात्री राखीव क्षेत्राबाहेरच्या कॉन्झर्व्हन्सीत घ्या. नाबोइशो, ओलारे मोटोरोगी, मारा नॉर्थ, कुठलीही. मसाई कुटुंबांची जमीन भाड्याने घेऊन ती चालवतात, मुक्कामाची संख्याच मर्यादित असते, त्यामुळे गाड्या कमी. महाग आहे, कबूल. पण राखीव क्षेत्रातही जुलै ते डिसेंबर परदेशी माणसाला दिवसाला 200 डॉलर भरावे लागतात, आणि एवढे भरले की चित्त्यावर आपला हक्क आहे असं वाटायला लागतं. हे वाटणंच वाईट.

फेब्रुवारी 2023 मध्ये मी आणि बायको पुन्हा गेलो, कॉन्झर्व्हन्सीत. एका मादीबरोबर चार तास बसलो. तीन गाड्या, तिन्हींची इंजिनं बंद. तिने लांब, उताराखाली शिकार केली. माझ्या 400 मध्ये ती करंगळीएवढी आलीय, मागे धुळीचा पट्टा, पुढे वळलेला टॉमी आणि सगळीकडे गवत. साडू म्हणाले, "यात चित्ता शोधावा लागतो." शोधावा की. तो तसाच राहतो तिथे. मला तो फोटो त्यांच्या तीन फुटी फोटोपेक्षा चांगला वाटतो आणि हे मी त्यांच्यासमोरही म्हणेन.

त्यांच्या फोटोबद्दल एक सांगतो. मूळ फाइल माझ्याकडेही आहे. त्यातला मादीचा डावा डोळा पूर्ण मोठा करून पाहिला. पिवळट बुबुळ, वरच्या बाजूला आकाशाची पांढरी पट्टी, आणि पट्टीच्या खाली ओळीने काळे चौकोन. मोजले. पाच नीट दिसतात. त्यातला मधला सर्वांत मोठा, छत उघडं, त्यातून दोन डोकी वर आलेली. ती आमची गाडी. दुसरं डोकं माझं.

हे सगळं दोन सहलींच्या जोरावर बोलतोय, व्यावसायिक फोटोग्राफर नाही, हे लक्षात घ्या. टांझानिया किंवा दक्षिण आफ्रिकेतले नियम वेगळे असतील, ते तिथल्या ड्रायव्हरला विचारा. कॉन्झर्व्हन्सीत रस्ता सोडून जायला ठरावीक परवानगी असते, तेव्हा गवतात गाडी दिसली म्हणजे चूकच असं समजू नका. नदी ओलांडणारे विल्डबीस्ट मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे त्यावर सांगत नाही. एवढंच ऐकलंय की काठावर तासन् तास थांबावं लागतं, आणि चढायची वाट गाड्यांनी अडवली तर कळप मागे फिरतो.

तर ड्रायव्हरला काय सांगायचं. पहिल्याच संध्याकाळी, साहेब होऊन नाही, शेजारी चहा घेत सांगा की आम्हाला 'किल' म्हणजे शिकार बघायचीच असं नाही, तुम्ही थांबवाल तिथे थांबू, तुम्ही निघा म्हणाल तेव्हा निघू. टीप पाकिटात घालून शेवटच्या दिवशी द्या, फोटो मिळो न मिळो, आणि ती तेवढीच असेल हेही त्याच संध्याकाळी सांगून टाका. गाडीतल्या कोणी मध्येच नोट काढली तर त्या पोराने तुमच्याकडे बघायच्या आत तुम्ही बोला.