कॅन्सर रोग्याबरोबरच संपतो, मग तो आणि शरीर एकमेकांमुळे बदलतात ते कसं?

बहुतेक वेळा संपतोच. गाठीतल्या ज्या पेशी प्रतिकारशक्तीला किंवा केमोला चुकवतात त्या उरतात, वाढतात आणि शेवटी रोग्याबरोबर जातात. शरीराची तयारी मात्र पिढ्यान्‌पिढ्या साठते. आमच्या खानापूरकडं भातात शिरणारा हत्ती बघा की! एवढं धूड, एवढ्या पेशी, तरी कॅन्सर कमी. बिघडलेल्या पेशीला आवरणारं टीपी-53 जनुक आपल्यात एक, हत्तीत त्याच्या 20 प्रती.

खरी जुगलबंदी संसर्गजन्य कॅन्सरमध्ये दिसते. बेळगावच्या गल्लीतल्या कुत्र्यांनाही समागमातून होऊ शकणारी ती गाठ घ्या. तिथं विषाणू नव्हे, कॅन्सरची पेशीच एकाकडून दुसऱ्याकडं जाते. हजारो वर्षांपूर्वी मेलेल्या एका कुत्र्याच्या पेशी अजून फिरताहेत! आधी त्या ओळख लपवतात. पुढं काही वेळा कुत्र्याचं शरीर त्यांना ओळखतं आणि गाठ आपोआप विरते. (तरी डॉक्टरला दाखवाच, व्हिन्क्रिस्टीन या केमोच्या औषधानं सहसा बरी होते.)

टास्मानियन डेव्हिल या ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटावरच्या मांसाहारी प्राण्यामध्ये असाच, पण जीवघेणा चेहऱ्याचा कॅन्सर 1996 मध्ये दिसला. चार-सहा पिढ्यांतच त्यांच्या प्रतिकारशक्तीशी संबंधित जनुकांत बदल आढळले, काहींच्या गाठी विरल्यासुद्धा.