आधी बडगीचं पोतं सोड

"मावशी, सलाम. मिस्टर रिटायर झाले म्हणून मे महिन्यात आम्ही भुसावळचं रेल्वे क्वार्टर सोडून जळगावला फ्लॅटमध्ये आलो. शिफ्टिंगला तिकडच्या चर्चची मंडळी नुसती लोटली होती. तरुण संघाच्या पोरांनी कपाट दोन जिने उतरवलं, महिला मंडळाने तीन दिवस डबा पुरवला, गृहसमर्पणाला टेम्पो करून इथवर आले. आणि इथे? सहा महिन्यात चर्चचं एक माणूस घरी फिरकलं नाही. पाळकसाहेब एकदा आले, प्रार्थना केली आणि गेले. इथे सगळे पिढ्यान् पिढ्या इथलेच, आपापल्या नातेवाइकांत. सासूबाई 78च्या आहेत, बेल वाजली की 'कोन उनं व?' (कोण आलं गं?) विचारतात, त्यापण कंटाळल्यात, त्यांची भरीत कुटायची लाकडी बडगी अजून पोत्यात बांधलेली बाल्कनीत पडलीये. आम्ही परत भुसावळच्याच चर्चला जात राहावं का? गाडीने अर्धा तास लागतो. – एक भगिनी, जळगाव"

पोरी, सलाम. तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या बाल्कनीतल्या पोत्यापाशीच अडकले.

सहा महिने! पडदे लागले असतील, मिक्सर निघाला असेल, टीव्ही तर पहिल्याच दिवशी, आणि जिच्यात 20-25 माणसांचं भरीत एका वेळी कुटलं जातं ती तेवढी बांधलेली राहिली. म्हणजे या घरात कुणी जेवायला येणार हे तूच धरलेलं नाहीस. कोण कोण आलं नाही ते तू सगळं लिहिलंस, पण तू कुणाला बोलावलंस याची एक ओळ पत्रात नाही, मी शोधली.

भुसावळचं मला सांगू नको, मला माहितीये ते गाव. 1860च्या दशकात तिथे रेल्वे आली आणि तेव्हापासून माणसं ट्रंक घेऊन बदलीवर उतरतायत, कुणी ड्रायव्हर, कुणी गार्ड, कुणी वर्कशॉपात, कुणी पार मद्रासकडचं तर कुणी गोव्याचं, नातेवाईक कुणाचेच जवळ नाहीत, मग नवीन कुटुंबाची चूल पहिल्या संध्याकाळी पेटत नाही हे शेजारणीला न सांगता कळतं कारण तिची पण पेटलेली नसते. ती सवय बदल्यांच्या गावाची. जळगावात ज्यांच्या चार गल्ल्यांत चार भाऊ राहतात त्यांच्या डोक्यात येतच नाही की कुणी एकटं पडलं असेल. ही त्यांची चूक आहेच, आणि पाळकसाहेबांनी दोन घरांशी तरी तुमची गाठ घालून द्यायला हवी होती, हे मी त्यांच्या तोंडावर म्हणेन.

पण भुसावळची माणसं तुझी का झाली ते बघ ना. त्यांनी तुझं कपाट उचललं म्हणून. घाम गाळला, जिन्यात बोटं चेमटली, तुझ्या डब्यांवर नावं लिहिली. जळगावच्या लोकांना तू अजून काही उचलायला दिलंयस का?

बायबल काढ, उत्पत्ती 18. अब्राहाम त्या मुलखातला नव्हताच गं, लांबून आलेला, झाडाखाली तंबू ठोकून राहणारा. भर दुपारी उन्हात तीन माणसं दिसली तर हा म्हातारा पळत गेला, साराला तीन मापं पीठ मळायला लावलं, आणि ते जेवत होते तोवर झाडाखाली उभा राहिला. प्रेषितांची कृत्ये 16 मधली लुदिया पण थुवतीराची, जांभळी वस्त्रं विकायला फिलिप्पैमध्ये राहिलेली, बाप्तिस्मा झाला तशी पौलाच्या मागे लागली की माझ्या घरी चला. पाहुणचारावर इतके संदेश ऐकले मी आयुष्यात, पण हे दोघंही शिफ्ट झालेले होते हे कुणी सांगत नाही. बाहेरून आलेल्यानेच चूल पेटवली आणि समोरच्याला हाक मारली.

तेव्हा दर रविवारची गाडी बंद कर. नाताळला जा, लग्नाकार्याला जा, त्यांचं प्रेम कुठे पळत नाही. पण दर रविवारी तिकडे गेलीस तर जळगाव तुझ्यासाठी नुसती झोपायची जागा राहील.

आजच पोतं सोड. पावसाळाभर बांधलेलं लाकूड आहे, पांढरी बुरशी धरली असेल, घाबरू नको, मीठ लावून गरम पाण्याने घास, दोन दिवस ऊन दे, वरून गोडं तेल चोळ. शनिवारी भरताची वांगी आण, ती मोठी हिरवी-पांढरी, काळी जांभळी नको. पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, मिळाल्या तर सोसायटीला विचारून खाली मोकळ्यात भाज, नाहीतर गॅसवर भाज, चव थोडी कमी येईल, येऊ दे. कळण्याच्या पुऱ्यांचं पीठ सासूबाईंच्या नजरेखाली मळ.

बोलवायचं फक्त दोन घरांना. पाळक नको, चर्चची वडीलमंडळी नको, त्यांना पुढच्या खेपेला. चर्चमध्ये जी तुझ्या शेजारी बाकावर बसते, गीतपुस्तकात डोकावू देते, ती आणि तिचं घर, आणि अजून एक जिचं नाव तुला अजून माहीत नाही. उपासना संपली की दारातच सांग, "आज आमच्याकडे भरीत आहे, पण कुटायला हात कमी पडतायत." आणि ते येईपर्यंत खरंच कुटू नको! भाजून सोलून ठेव, मिरची-लसूण आणि कांद्याची पात काढून ठेव, आणि आल्या आल्या त्यांच्या पोराच्या हातात लाकडी काठी दे. सासूबाईंना बडगीपाशी खुर्ची टाक, त्या सांगतील किती कुटायचं, अहिराणीतच सांगू दे, पोरगं हसेल आणि शिकेल.

आणि त्या दिवशी बेल वाजली की तू उठू नको. दार सासूबाईंना उघडू दे.