थेंबही न घेता वाईनचं पुस्तक

प्रश्न : मुलगा लियोंला शिकतो. माझ्या वाढदिवसाला त्याने कर्मिट लिंच यांचं ‘अ‍ॅडव्हेंचर्स ऑन द वाईन रूट’ पाठवलं. आमच्याकडे कुणी थेंबही घेत नाही. ह्यांनी तर पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं, शेजारच्यांना दिसू नये म्हणून! वाचू की नुसतं कपाटात ठेवू?
— एक वाचक, सहकारनगर

कव्हर राहू दे, पण वाचा. मी स्वतः आयुष्यात तीनदा वाईन चाखली, तिन्ही वेळा लग्नाच्या रिसेप्शनला, आणि तिन्ही वेळा ती मला साखर विसरलेल्या कोकम सरबतासारखी लागली. तरी हे पुस्तक मी दोनदा वाचलंय.

लिंच हा अमेरिकेतला दुकानदार. 1972 साली त्याने कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत वाईनचं दुकान थाटलं आणि माल शोधायला फ्रान्समधली खेडी पालथी घातली. लुआर, रोन, बर्गंडी, एकेका शेतकऱ्याच्या थंडगार तळघरात उतरायचं, पिंपातून थेट चाखायचं आणि मग तावातावाने भांडायचं. पुस्तक 1988 साली आलं. त्यातलं मुख्य भांडण तुम्हाला लगेच कळेल. वाईन स्वच्छ चकचकीत दिसावी म्हणून ती बारीक गाळली जाते, आणि लिंचच्या मते तिचा जीवच त्या गाळणीत अडकून राहतो. आपल्याकडे लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल आणि रिफाइंड तेल यांवरून घरोघरी होतो ना, तोच वाद! बाटल्या समुद्रमार्गे नेतानाही त्याचा हट्ट एकच, कंटेनर थंड हवा. मे महिन्यात आंब्याच्या पेट्या गाडीच्या डिकीत घालून देवगडहून आलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको.

चवीची वर्णनं कंटाळवाणी वाटली तर खुशाल गाळा. (हे गाळणं त्यालाही चालेल.) सुरुवात मात्र प्रोव्हान्सच्या प्रकरणापासून करा, कारण तिथे बांदोलजवळचं पेरो कुटुंब भेटतं. नवरा लुसियाँ मूर्वेद्र नावाच्या जुन्या द्राक्षाच्या मागे लागलेला. बायको लुलू, सात मुलांची आई, आल्यागेल्याला जेवू घालणारी. ती 2020 साली गेली, शंभरी ओलांडून. मला पुस्तकातली वाईन फारशी आठवत नाही, लुलू आठवते. तुम्हालाही तसंच झालं तर मुलाला पुढचं पुस्तक मागा : ‘लुलूज प्रोव्हान्साल टेबल’, 1994. लिंचला सुरुवातीच्या एका दौऱ्यात दुभाष्या म्हणून ज्याने साथ दिली, त्या रिचर्ड ओल्नीने लुलूच्या स्वयंपाकघरात बसून ते लिहिलं. लसूण खलबत्त्यात कुटून, त्यात अंड्याचा बलक आणि धारेधारेने ऑलिव्हचं तेल घोटायचं, अशी आयोली नावाची चटणी त्यात आहे. तेलाची धार किती बारीक, हे ज्याने जवळ उभं राहून पाहिलंय त्यालाच लिहिता येतं.

प्रश्न : माझी आई यावलची, वय 81. तिचं खानदेशी रांधणं लिहून ठेवायचंय. पण काहीही विचारलं की म्हणते, “अंदाजानं घालायचं.” काय करू?
— एक वाचक, कोथरूड

विचारू नका. वजन करा. मसाल्याचा डबा स्वयंपाकाआधी काट्यावर ठेवा, नंतर पुन्हा ठेवा. जो फरक येईल तो आईचा अंदाज. तिचे मूठभर दाणे एकदा वाटीत ओतून घ्या. हे शहाणपण मला उशिरा सुचलं. सासूबाईंचं मेतकूट मी वहीत उतरवून घेतलं होतं : हरभऱ्याची डाळ एक वाटी, तांदूळ पाव वाटी, मेथ्या एक चमचा वगैरे. त्या गेल्यावर केलं तर कडूजहर. वर्षभराने माळ्यावर त्यांची पितळी वाटी सापडली. पाणी भरून मोजलं तर माझ्या दीड वाट्या! डाळ-तांदूळ मी माझ्या छोट्या वाटीने घेत होते आणि मेथ्यांचा चमचा मात्र त्यांचाच, डब्यात पडून असलेला. कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’ने 1970 पासून वाटी-चमच्याने किती सुनांना तारलं, पण तिथे वाटी सगळीकडे एकच असते. घरच्या वहीत वाटी कोणती तेही लिहा.

आणि नुसती कृती नको. भरताची हिरवी वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजायची, ती शेतातच का. सोबत कळण्याची भाकरी कोण थापायचं. पुण्यात आल्यावर गॅसवर भाजताना आईने नाक मुरडलं का, हेही येऊ द्या. यासाठी शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (2015) जरूर वाचा. मराठवाड्यातल्या दलित घरांतलं, तेला-तुपाची चैन नसलेलं जेवण आहे त्यात. कुणाच्या वाट्याला काय यायचं आणि का, हे कृतींच्या बरोबरीने सांगितलंय. नावातला तो ‘अ’ पहिल्या काही पानांतच घशात अडकतो. तुमच्या आईकडेही दुष्काळातलं, टंचाईतलं काही रांधणं असेल. लोक पाहुण्यांपुढे ते सांगत नाहीत, म्हणून मुद्दाम विचारा.

प्रश्न : ही पुस्तकं तुमच्याकडून वाचायला मिळतील का?
— एक वाचक, नारायण पेठ

मराठी पुस्तकं आधी अप्पा बळवंत चौकात विचारा, तुम्हाला चालत पाच मिनिटं. लिंच माझ्याकडून न्या, महिन्याभरात परत करा. ‘रुचिरा’ मात्र मिळणार नाही. तिच्या लोणच्यांच्या पानांना तेल लागून ती एकमेकांना चिकटलीत, आणि ती कशी सोडवायची हे फक्त मला जमतं.