85 हजारांचा कोर्स थांबवा

प्रश्न : मुलगा सोलापुरात बीबीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याला सीएमए (कॉस्ट अँड मॅनेजमेंट अकाउंटंट) करायचंय. मी 'ईव्ही मॅनेजमेंट'चा (ईव्ही म्हणजे इलेक्ट्रिक गाड्या) सहा महिन्यांचा कोर्स पाहिलाय, फी 85 हजार. पुढचा जमाना ईव्हीचाच. गाडी किलोमीटरला 25 पैशांत पळते, विकायला काय अवघड? तो ऐकत नाही. दोन आठवडे घरात बोलणं बंद आहे. त्याला समजवा.
– एक पालक, जुळे सोलापूर

उत्तर : फीपेक्षा ते दोन आठवडे मला जास्त खटकले. मुलगा वाया चाललेला नाही, स्वतःहून कॉस्टिंग, म्हणजे खर्चाचा हिशेब, शिकायचं म्हणतोय, आणि त्यावर अबोला? तुमची वकिली मी करणार नाही. आज रात्री जेवताना तुम्हीच आधी बोला.

आता ते 25 पैसे. इलेक्ट्रिक स्कूटर धरू : 3 किलोवॅट-तासांची, म्हणजे 3 युनिटची बॅटरी, वीज 10 रुपये युनिट, कंपनीच्या कागदावरची रेंज 120 किलोमीटर. भागाकार केला की 25 पैसे येतात. पण चार्जिंगमध्ये दहाएक टक्के वीज उष्णतेत जाते, म्हणून मीटरवर जवळपास 3.4 युनिट पडतात. डबलसीट, थांबत-थांबत गाडी 90 किलोमीटर गेली तर खर्च 38 पैसे. पेट्रोल 105 रुपये आणि ॲव्हरेज 45 धरलं, तर साध्या स्कूटरचे होतात 2 रुपये 33 पैसे. फरक 1 रुपया 95 पैसे. ईव्ही 30 हजारांनी महाग असेल तर ते वसूल व्हायला 15,400 किलोमीटर लागतात. रोज 15 किलोमीटर फिरणाऱ्याला पावणेतीन वर्षं, रोज 60 किलोमीटर डिलिव्हरी करणाऱ्याला साडेआठ महिने. यात कर्जाचं व्याज आणि जुन्या गाडीची पडलेली किंमत अजून धरलेलीच नाही. शिवाय अनुदान : दुचाकीला किलोवॅट-तासामागे 15 हजार मिळायचे, जून 2023 मध्ये 10 हजार झाले, 2024 मध्ये 5 हजार. अनुदानाच्या भरवशावर धंदा मांडला की असा गोता बसतो.

हे गणित म्हणजेच ईव्हीचं अर्थशास्त्र, आणि ते कॉस्टिंगवालाच नीट मांडतो. तुमचा मुलगा ईव्हीपासून लांब चाललाय, हा तुमचा गैरसमज आहे.

त्याला बीबीएचा प्रोजेक्ट यावरच करू द्या. स्टेशनजवळच्या दहा इलेक्ट्रिक रिक्षावाल्यांकडे महिनाभर वही ठेवायची : रोजचं रनिंग, मीटरचे युनिट, हप्ता, आणि चार्जिंगला गाडी उभी असताना बुडालेली भाडी. हा शेवटचा रकाना सगळे विसरतात. महिना मे धरावा. 42 अंशांत तापलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावली की ती लवकर म्हातारी होते. म्हणून बॅटरी बदलायचा खर्च वर्षांत वाटून धरायचा.

सीएमएचं सोपं आहे : पदवी झाली की फाउंडेशन ही पहिली परीक्षा न देता थेट पुढच्या, इंटरमीजिएटला बसता येतं.

कोर्सवाल्यांना एकच विचारा : मागच्या बॅचची किती मुलं कुठे, किती पगारावर लागली? यादी दाखवायला टाळाटाळ झाली तर उठून या. टोकन भरलं असेल तर पावतीमागची परताव्याची अट आजच वाचा.