पावसाळ्यात पैलवान महिनाभर गावी राहिला तर ताकद जाते का?

नाही, तीन-चार आठवड्यांत ताकद फारशी जात नाही; आधी उतरतो तो दम. मेहनत थांबली की काही दिवसांतच रक्तातल्या द्रवाचं प्रमाण घटू लागतं, म्हणून गावाहून तालमीत परतलेला गडी लवकर धापा टाकतो. स्नायूंचा जोर मात्र बराच टिकतो, हे व्यायामशास्त्रातलं नेहमीचं निरीक्षण. कोल्हापूर-सांगलीकडे जत्रांची मैदानं दिवाळीनंतर सुरू होऊन उन्हाळाभर चालतात. तोवर खांदे, गुडघे, बोटं दुखरी झालेली असतात, तेव्हा ही सुट्टी खुशाल घ्या. भरपूर झोप, रोज चालणं, आठवड्यातून दोनदा निम्म्या जोर-बैठका, एवढं पुरे. भातलावणीला दिवसभर वाकणं हा आराम नव्हे, दुखरी कंबर असेल तर घरच्यांना तसं स्पष्ट सांगा. आणि खुराक लगेच कमी करा! हंगामातलं तूप, थंडाई, बदाम बसून खाल्लं की वजन चढतं. मग ते उतरवायला उपास काढावे लागतात आणि खरी ताकद तिथे जाते. हे मातीतल्या कुस्तीपुरतं. मॅटवर वजनगटात खेळणाऱ्यांच्या स्पर्धा पावसाळ्यातही असू शकतात, त्यांनी सुट्टी वस्तादांना विचारूनच ठरवावी.